उजव्या कुशीवर

अजिंठ्यात सव्विसाव्या लेण्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस थकलेला असतो. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यातल्या चित्रांनी डोळे भरून गेलेले असतात. वाघूरच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावरून चालताना कातळाची धग अंगावर आलेली असते आणि बरोबरचं कुणीतरी घड्याळाकडे बघायला लागलेलं असतं. एकोणिसाव्या लेण्याच्या देखण्या दर्शनी भागापाशी फोटो काढून पुष्कळ लोक मागे फिरतात. पहिल्या दोन खेपांना मीही तिथूनच फिरले होते. अजिंठा म्हणजे चित्रं, ही समजूत शाळेपासून मनात बसलेली. पद्मपाणीची ती झुकलेली नजर एकदा पाहिली, की आता आणखी काय पाहायचं राहिलं, असं वाटतं. तिसऱ्या खेपेला मात्र शेवटपर्यंत गेले, आणि तेव्हापासून माझ्यापुरतं अजिंठ्याला जाणं म्हणजे सव्विसाव्या लेण्यात जाणं झालं आहे. तिथल्या डाव्या भिंतीवर बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरलेलं आहे. त्याच्याविषयी हे लिहिते आहे.

आत जाण्याआधी बाहेर थोडं थांबायला हवं. व्हरांड्याचा काही भाग कधीचाच कोसळला आहे, पण भिंतीवरचा संस्कृत शिलालेख राहिला आहे. तो कोरवून घेतला बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने. अश्मकाच्या राजाचा भव्विराज नावाचा मंत्री होता. त्याच्याशी आपलं मैत्र अनेक जन्मांचं आहे असं बुद्धभद्र सांगतो, आणि हे लेणं त्या मित्राच्या नावे अर्पण करतो. जगात आठवण ताजी असेतोवर माणूस स्वर्गात सुखाने राहतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असं स्मारक डोंगरात उभारावं, असा त्यातल्या एका श्लोकाचा आशय आहे. हे वाचून मी पहिल्यांदा चकित झाले होते. लिहिणारा भिक्खू आहे. जे जे उत्पन्न झालं ते ते नाश पावणार, हा त्याच्या धम्माचा पहिला धडा. तो रोज घोकलेला माणूस मित्राच्या आठवणीसाठी चंद्रसूर्याइतकं आयुष्य मागतो आहे. त्याच्या दुःखाने शिकवणुकीला बाजूला सारलेलं नाही आणि शिकवणुकीनेही दुःखाला हाकलून दिलेलं नाही. दोन्ही एका भिंतीवर शेजारी शेजारी नांदतात. हे मनात धरून आत गेलं, की आतलं शिल्प वेगळं दिसायला लागतं.

हा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागेचा. अजिंठ्याच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या वॉल्टर स्पिंक यांच्या मते दुसऱ्या टप्प्यातली ही सगळी लेणी इ. स. ४६२ ते ४८० अशा जेमतेम वीस वर्षांत खोदली गेली. हे मत सर्वांना मान्य नाही. पण खरं असेल, तर त्या वीस वर्षांत या दरीत छिन्नी-हातोड्यांचा केवढा कल्लोळ चालला असेल, याची कल्पना करून पाहावी. आपण आज जिथे शांतता शोधायला जातो, ती जागा घडताना क्षणभरही शांत नसणार.

आत शिरल्यावर थोडा वेळ काहीच दिसत नाही. मग हळूहळू खांबांच्या ओळी उमटतात, कमानदार छताच्या दगडी फासळ्या दिसू लागतात, आणि समोर स्तूप. नवव्या-दहाव्या लेण्यांसारख्या आधीच्या काळातल्या चैत्यगृहांत स्तूप साधा, मूर्तीविना आहे. इथे त्याच्या दर्शनी अंगावर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे. त्याच्याकडे सरळ न जाता डावीकडे वळायचं. प्रदक्षिणेची रीतच तशी, स्तूप उजव्या हाताला ठेवायचा. खांब आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद वाटेत पाऊल टाकलं, की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला तो आहे. सुमारे ७ मीटर लांब, उजव्या कुशीवर निजलेला.

एवढी मोठी आकृती, पण ती एका नजरेत सापडत नाही. मधल्या दालनातून पाहावं तर खांबांच्या फटींतून तुकडे दिसतात. इथे खांदा, पलीकडे मांडी. वाटेत उभं राहावं तर पाठ खांबाला टेकली तरी तो डोळ्यांत मावत नाही. लांबून, सावकाश, एका जागी बसून पाहण्याची सोयच इथे नाही. तेव्हा चालावं लागतं, डोक्यापासून पायांपर्यंत. हळू चाललं तर दहा-बारा पावलं होतात. छायाचित्रांत हे शिल्प मी कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि ते मला कधी फारसं भिडलं नव्हतं. त्याचं कारण तिथे गेल्यावर कळलं. छायाचित्रात ते आडवं पसरलेलं एक दृश्य असतं. इथे ते चालण्याचं शिल्प आहे. आजारी माणसाच्या उशापासून पायथ्यापर्यंत आपण जसे अस्वस्थपणे फिरतो, पांघरूण सारखं करतो, पुन्हा उशाशी येतो, तसं ते आपल्याला फिरवतं.

आधी चेहरा येतो. डोळे मिटलेले, ओठ भरलेले, उशीवर डोक्याचा भार पडलेला. उजवा तळवा गालाखाली. डावा हात अंगाच्या रेषेत सैल पसरलेला. चीवर इतकं तलम, की अंगाची गोलाई त्यातून सरळ जाणवते. खांद्यापासून निघालेली रेषा कमरेशी उतरते, मांडीवर किंचित चढते आणि मग लांबच लांब उतरत पावलांपाशी विरते. पावलं एकावर एक. या रेषेत कुठेही झटका नाही. पाथरवटाला काळ्या अग्निजन्य खडकात ही रेषा काढायची होती. त्या दगडाला रंध्रं असतात, भेगा असतात, आणि एकदा टवका उडाला की तो परत चिकटवता येत नाही. सात मीटर एका श्वासात गेल्यासारखी ती रेषा गेली आहे.

त्या गालाखालच्या हातापाशी मी दर वेळी अडकते. आपल्याकडे गेलेल्या माणसाला उताणं ठेवतात. त्याचे हात-पाय सरळ करतात, डोळे मिटतात, हनुवटी बांधतात. ते सगळं दुसऱ्यांनी केलेलं असतं. प्रेताचा हात कुणीतरी ठेवलेला हात असतो. इथला हात त्याने स्वतः ठेवला आहे. लहान मूल दमून झोपताना ठेवतं, तसा. शिल्पकाराने मृत्यू कोरायचा म्हणून देह निर्जीव केला नाही. जाण्याच्या क्षणीही जो स्वतःच्या देहाचा धनी होता, असा माणूस त्याने कोरला. या शिल्पाच्या शांततेचा उगम मला त्या एका तळव्यात दिसतो.

दीघनिकायातल्या महापरिनिब्बान सुत्तात हा प्रसंग सविस्तर आला आहे. बुद्धाचं वय ८०. चुंदाकडच्या जेवणानंतर आजार बळावलेला. तशातच चालत कुशिनाऱ्याला मल्लांच्या शालवनात येणं, दोन शालवृक्षांच्या मध्ये अंथरूण घालायला सांगणं, उजव्या कुशीवर सिंहशय्येत निजणं, आणि अवेळी बहरलेल्या शालवृक्षांनी अंगावर फुलं ढाळणं. यातलं एक छोटं उपकथानक मला फार आवडतं. उपवाण नावाचा भिक्खू समोर उभा राहून वारा घालत असतो. बुद्ध त्याला बाजूला व्हायला सांगतो. शिष्य आनंद बुचकळ्यात पडतो, इतक्या वर्षांच्या सेवेकऱ्याला अखेरच्या घटकेला दूर का करावं? बुद्ध सांगतो, दर्शनाला देव दाटीवाटीने जमले आहेत आणि हा मोठा भिक्खू मध्ये उभा असल्यामुळे त्यांना दिसत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. त्या अरुंद वाटेत मागून कुणी ‘जरा बाजूला होता का, फोटो काढायचाय’ म्हणालं, की मला उपवाण आठवतो आणि मी मुकाट्याने खांबाला चिकटते. अडीच हजार वर्षं झाली, त्या अंथरुणाशी गर्दी तशीच आहे.

आता खाली. बुद्धाला पाहायला चालावं लागतं, पण त्याच्या मंचकाखालच्या माणसांना पाहायला बसावं लागतं. बरेच लोक तिथे बसत नाहीत, म्हणून त्यांना ती दिसतच नाहीत. मंचकाच्या पुढच्या अंगाला, पार जमिनीलगत, भिक्खू आणि भक्त यांची ओळ आहे. वरच्या देहाच्या मानाने लहानशी, अंधारात दबलेली. कुणी मान खाली घातलेली, कुणी शून्यात बघणारा. काहींचे चेहरे झिजले आहेत, पण खांद्यांचा उतार शिल्लक आहे, आणि दुःख चेहऱ्याच्या आधी खांद्यांत उतरतं हे त्या पाथरवटाला ठाऊक होतं. एका तिवईवर पाण्याचं भांडं ठेवलेलं आहे. एवढ्या मोठ्या प्रसंगात, जिथे देव आकाशातून उतरताहेत, तिथे हे भांडं कशाला? माझ्या घरी वडील गेले तेव्हा खिडकीत त्यांचा चष्मा आणि झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या दोन दिवस तसाच होता. कुणाचाच हात त्याला लागत नव्हता. लेण्यातलं ते भांडं पाहिलं, आणि त्या पाथरवटाच्या घरातही कुणीतरी गेलेलं असणार, याविषयी मला शंका उरली नाही.

पायांच्या बाजूला हातावर मस्तक टेकून बसलेला तो आनंद, असं मानतात. पंचवीस वर्षं सावलीसारखा बरोबर राहिलेला. सुत्तात त्याचा प्रसंग मोठा हृद्य आहे. तो विहारात जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडत उभा राहतो. आपली साधना अजून पुरी झालेली नाही आणि आपल्यावर माया करणारे शास्ते तर चालले, हे त्याचं रडणं. बुद्धाच्या लक्षात येतं, की आनंद दिसत नाही. तो त्याला बोलावून घेतो. प्रिय ते सारं दुरावणारच, याची आठवण करून देतो, आणि मग जमलेल्या भिक्खूंसमोर या रडणाऱ्या शिष्याचे गुण गातो. त्याने मनापासून केलेल्या सेवेचं नाव घेऊन कौतुक करतो. रडल्याबद्दल त्याला कमीपणा येऊ देत नाही.

सुत्तकाराने जमलेल्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. ज्यांची आसक्ती सुटलेली नाही ते हात उंचावून आक्रोश करतात, जमिनीवर लोळतात. ज्यांची सुटली आहे ते सारं अनित्य आहे हे जाणून शांतपणे सोसतात. या मजकुरावरून शिल्प करणाऱ्या माणसाला एक सोपी वाट होती. शहाणे उठून दिसावेत म्हणून रडणाऱ्यांना थोडं केविलवाणं, थोडं बेढब करता आलं असतं. सव्विसाव्या लेण्याच्या पाथरवटाने ते केलं नाही. खालच्या ओळीतल्या एकाही आकृतीला त्याने हिणवलेलं नाही. जो हात गालाखालच्या तळव्याशी हळुवार झाला, तोच हात आनंदाच्या टेकलेल्या मस्तकाशीही तितकाच हळुवार झाला आहे. वरची ती लांब, अखंड रेषा इतकी शांत वाटते, त्याला खालच्या वाकलेल्या, खचलेल्या लहान लहान रेषा कारण आहेत. त्या ओळीवर बोट आडवं धरून वरचा बुद्ध एकटाच पाहून बघा. मी तसं करून पाहिलं आहे. मोठा, देखणा दगड उरतो. बोट काढलं की पुन्हा कुणीतरी कुणालातरी सोडून चाललेलं असतं.

कुशिनगरला, जिथे हे प्रत्यक्ष घडलं असं मानतात, तिथेही पाचव्या शतकातलीच निजलेल्या बुद्धाची मूर्ती आहे. सुमारे ६ मीटर लांब, एकसंध वालुकाश्मातली. १८७६ साली कार्लाइल यांनी ती उत्खननात शोधून काढली. तिच्याही बैठकीच्या पुढच्या अंगावर शोक करणाऱ्या लहान आकृती आहेत, पण मोजून तीन. वरच्या मूर्तीवर आज सोनेरी मुलामा आणि भगवी वस्त्रं असतात. दर्शन घेणाऱ्याचं लक्ष सहसा त्या तिघांपर्यंत जात नाही. ती पूजेची मूर्ती आहे आणि तिचा महिमा मोठा आहे. अजिंठ्याच्या कारागिराने मात्र जवळजवळ त्याच काळात अख्खी पंगत बसवली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

शिल्पाच्या वरच्या पट्ट्यात देवलोक आहे. हत्तीवरून येणारा इंद्र, आकाशगामी आकृती, वाद्यं. कौशल्यात तो भाग कुठेही उणा नाही; तरी माझं मन तिथे फारसं रमत नाही. देवांना बघायला मान वर करावी लागते आणि आपली मान तर एव्हाना खाली वळलेली असते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. आज दिसतो तो करडा, काळसर दगड त्या काळच्या भिक्खूने पाहिलेला नाही. अजिंठ्यातली शिल्पं गिलावा देऊन रंगवलेली असत. हा बुद्धही रंगात असणार, ती रडणारी माणसंही. आपल्याला ज्या राखाडी, निःशब्द शांततेचं आकर्षण वाटतं, तिच्यातला काही वाटा पंधराशे वर्षांच्या ओलीचा, धुळीचा आणि वटवाघळांचा आहे. दिव्यांच्या हलत्या उजेडात, तेलाच्या वासात, पठणाच्या आवाजात, रंगीत चीवर पांघरून निजलेला बुद्ध डोळ्यांपुढे आणायला मला जरा कष्ट पडतात. पण आणून पाहते तेव्हा तो जास्त जवळचा वाटतो. घरातल्या माणसासारखा.

प्रदक्षिणा अजून संपलेली नाही. पायांकडून पुढे गेलं, की त्याच भिंतीवर दुसरं मोठं शिल्प लागतं: मारविजय. बोधिवृक्षाखाली बसलेला तरुण सिद्धार्थ, एका बाजूने हत्तीवर बसून चालून आलेला मार आणि त्याची अक्राळविक्राळ सेना, खाली मोहात पाडायला आलेल्या त्याच्या मुली, नाच आणि वाद्यं. एकीचं अंग नाचताना असं मुरडलं आहे, की दगडाला ताल आहे असं वाटावं. आणि मधोमध, या सगळ्या गलबल्यात, जमिनीला टेकलेली उजव्या हाताची बोटं. तो पृथ्वीला साक्षी ठेवतो आहे.

चालणाऱ्याला इथे काळ उलटा भेटतो. आधी ८० वर्षांचा बुद्ध, मग ३५ वर्षांचा. आधी जाणं, मग मिळवणं. हे कुणी ठरवून मांडलं असेल असं मला वाटत नाही. या भिंतीवरची शिल्पं एका आखीव योजनेतली दिसत नाहीत. जागा मिळाली तसतशी ती होत गेली असावीत. तरी परिणाम विलक्षण आहे. दोन्हीकडे काम करतो तो उजवा हात. एकीकडे गालाखाली, दुसरीकडे जमिनीवर. मधली ४५ वर्षांची पायपीट, धुळीचे रस्ते, भिक्षापात्र, वाद, आजारपणं या दोन हातांच्या मध्ये आहेत, आणि भिंतीवर तेवढ्यासाठी काही पावलांचीच जागा आहे. मारविजयाच्या खालच्या कोपऱ्यात हरलेला मार खिन्न होऊन बसला आहे. आनंदाला पाहून आलेला डोळा तिथेही थांबतो. एकाच भिंतीवर दोघे खचून बसलेले. एकाचं राज्य गेलं, दुसऱ्याचं माणूस.

मनःशांती हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. मेणबत्त्यांच्या जाहिरातीत, हॉटेलच्या स्वागतकक्षात, बागेतल्या कारंज्यावर मिटल्या डोळ्यांचं बुद्धाचं मस्तक ठेवलेलं असतं. नुसतं मस्तक. ते पाहून मला वाईट वाटतं, कारण खांद्याखालचा देह, देहाखालचा मंचक आणि मंचकाखालची माणसं कापून टाकल्याशिवाय ते मस्तक तिथे येऊ शकत नाही. सव्विसाव्या लेण्यातला चेहरा शांत आहे तो रडणाऱ्यांच्या देखत, त्यांच्या हाकेच्या अंतरावर. त्यांना खोलीबाहेर काढून मिळवलेली ती शांतता नाही.

गेल्या खेपेला मी तिथे होते तेव्हा वेळ संपत आली होती. पांढऱ्या साड्यांतल्या सात-आठ बायका आत आल्या. बरोबर दोन मुलं, एक तरुण. स्तूपासमोर त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. कमानदार छताखाली तो आवाज घुमला आणि बराच वेळ विरला नाही. मग त्या डाव्या वाटेने आल्या. मराठी माणसाला ‘महापरिनिर्वाण’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ६ डिसेंबर आणि दादरची चैत्यभूमी त्या शब्दाला कायमची बांधली गेली आहे; १९५६ साली, नागपूरच्या दीक्षेनंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा तो शब्द इथल्या लाखो घरांत एका रात्रीत येऊन बसला.

त्यांच्यातली सर्वांत म्हातारी बाई चालत चालत पायांपर्यंत गेली, हात जोडले, आणि तिथेच फरशीवर बसली. गुडघे दुखत असावेत, बसायला तिला वेळ लागला. बसल्यावर तिची नजर समोरच्या ओळीच्या बरोबर उंचीला आली. हातावर डोकं टेकलेल्या त्या आकृतीकडे ती पाहत राहिली. तरुणाने मोबाइलचा उजेड वर बुद्धाच्या चेहऱ्याकडे धरला होता. तिने त्याचा हात धरून उजेड खाली आणला.

‘‘ह्यो कोन रं?’’

‘‘आनंद, आजी. बुद्धांचा शिष्य.’’

ती काही बोलली नाही. बाहेरून रखवालदाराची शिट्टी ऐकू आली, बाकीच्या बायका दाराकडे वळल्या. तरुणाने तिला उठवायला हात पुढे केला. तो धरून अर्धवट उठता उठता ती म्हणाली,

‘‘बाबासायब गेल्याचं कळलं तवा आमचे दादा आसंच बसले व्हते. उंबऱ्यावर. म्या चार वरसांची आसंन. भाकर घ्या म्हनून आई सांगून थकली, पर ते उठलेच न्हाईत.’’